गोठ्यातील शब्द, ताटातील शब्द

इंग्रजीत मेंढीला ‘शीप’ म्हणतात. तिच्या मांसाला मात्र ‘मटन’. गाय ‘काऊ’, तिचे मांस ‘बीफ’. डुक्कर ‘पिग’, त्याचे मांस ‘पोर्क’. या दुहेरी नावांचे मूळ इतिहासात आहे.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. दरबारात, न्यायालयांत व सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच भाषा रूढ झाली. जनावरे राखणारा शेतकरी इंग्रजीच बोलत राहिला. त्यामुळे गोठ्यातील नावे इंग्रजी राहिली व ताटातील नावे फ्रेंचमधून आली, असे सांगितले जाते. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीने हा विचार लोकप्रिय केला. तो पुरता खरा नाही. मध्ययुगात ‘बीफ’ व ‘मटन’ हे शब्द जिवंत जनावरांसाठीही योजले जात. आजची काटेकोर विभागणी पुढील शतकांत स्थिरावली. ‘फिश’ हा शब्द तर आजही दोन्ही अर्थांनी चालतो.

भाषेच्या या दरीचा खरा जाच स्वयंपाकघरात नव्हे, तर न्यायालयात होता. आपल्या बाजूने वा विरुद्ध काय बोलले जाते, हेच पक्षकारास उमगत नसे. हे कारण नमूद करूनच १३६२ च्या कायद्याने न्यायालयातील तोंडी कामकाज इंग्रजीत चालविण्याचे ठरविले.

मराठीतील ‘मटण’ इंग्रजीतूनच आले. येथे त्याचा अर्थ बहुधा बोकडाचे मांस असा झाला. शब्दांचे अर्थ असे बदलतात. परंतु कारभाराची भाषा लोकांना समजलीच पाहिजे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याचे महत्त्वही यातच आहे.