कीर्तिकामना आणि तिचे मोल

परमार्गी साधकाने धन, गृह व आप्त यांचा त्याग केला, तरी एक वस्तू बहुधा त्याच्यापाशी उरतेच. ती म्हणजे स्वतःच्या नावाविषयीची आसक्ती. धनाचा त्याग जगाला दिसतो. जगाला दिसतो म्हणून त्याची वाखाणणी होते. आणि त्या वाखाणणीची एकदा गोडी लागली की सोडलेले सर्व दुसऱ्या दाराने घरात येते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकास स्वदेश, स्वग्राम व संबंधी यांच्यापासून दूर राहण्याची आज्ञा केली. जेथे ओळख आहे तेथे मान आहे, आणि जेथे मान आहे तेथे स्मरणाला ओहोटी लागते, हे त्या आज्ञेमागील एक कारण मानावयास हरकत नाही. कीर्तीची कामना म्हणजे नेमके काय, आणि तिच्यासाठी मनुष्य कोणते मोल देतो, एवढाच विचार प्रस्तुत पाठात कर्तव्य आहे.

प्रथम दृष्टांत पाहू. कवी नरेंद्र यांचे 'रुक्मिणीस्वयंवर' शके १२१४, म्हणजे इ. स. १२९२ चे मानले जाते. नरेंद्रांनी हे काव्य देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या सभेत वाचले. राजा प्रसन्न झाला. परंतु काव्य ऐकून त्याचे समाधान झाले नाही. ते आपल्या नावावर असावे, असे त्याला वाटले, आणि प्रत्येक ओवीमागे सुवर्णनाणे देण्याची त्याने तयारी दाखविली. नरेंद्रांनी नकार दिला. असे केल्यास कविकुळाला दूषण लागेल, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ग्रंथाचा मोठा भाग राजाकडेच राहिला. सुमारे नऊशे ओव्याच कवीच्या हाती आल्या, असे परंपरा सांगते. पुढे नरेंद्र श्रीनागदेवाचार्यांना शरण आले.

येथे एक शंका उत्पन्न होते. राजाला नाव हवे होते. कवीनेही नाव सोडले नाही. मग दोघांत भेद कोणता? भेद असा की, नाव दोन प्रकारचे असते. एक साक्षीचे, दुसरे स्तुतीचे. अमुक कर्म अमुक व्यक्तीने केले, त्यातील गुणदोषांचे उत्तरदायित्व तिचे, हे सांगणारे नाव साक्षीचे होय. कर्माची चिंता नाही, परंतु लोकांनी आपल्याला थोर म्हणावे, एवढ्यासाठी लावलेले नाव स्तुतीचे. नरेंद्रांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला आणि त्यासाठी आपल्या श्रमाचा मोठा वाटा गमावला. राजाला श्रमाविना स्तुती हवी होती. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि राजाला अपार खंडणी देऊन तह करावा लागला. ज्या काव्यावर आपले नाव असावे असे त्याला वाटले, ते आज नरेंद्रांच्याच नावाने वाचले जाते.

कोणी म्हणेल, ही राजेरजवाड्यांची कथा. आजच्या संसारी मनुष्याचा तिच्याशी काय संबंध? तर आपल्याच विदर्भातील, अमरावती येथे १९१३ मध्ये जन्मलेल्या मास्टर भगवान यांचे उदाहरण घ्यावे. या कलावंताने अपार कष्ट केले आणि १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटाने त्यांचे नाव देशभर झाले. त्या यशाची पुनरावृत्ती करण्यासाठी त्यांनी स्वतःचे धन पुढील चित्रपटांत घातले. ते चालले नाहीत. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि २००२ मध्ये दादरच्या चाळीतील लहानशा खोलीत त्यांचा अंत झाला. या गुणी माणसाला दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांचे श्रम खरे होते आणि त्यांचे नृत्य लोकांना आजही आनंद देते. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, लोकप्रियता ही लोकांपाशी असलेली वस्तू आहे. लोक ती देतात आणि न सांगता परत नेतात. तिच्या भरवशावर जो घर उभारतो, त्याचे घर परक्याच्या जागेवर उभे असते.

आता आपल्या पूर्वसूरींकडे वळू. भास्करभट्ट बोरीकर हे मोठे पंडित आणि कवी. त्यांचे 'शिशुपाळवध' हजाराहून अधिक ओव्यांचे, शृंगाररसाने नटलेले काव्य. ते त्यांनी एका ज्येष्ठ गुरुबंधूस दाखविले. ग्रंथ उत्तम झाला आहे, परंतु निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय मिळाला. जाणत्याच्या मुखातून आलेले हे शब्द कोणत्याही कवीला बोचणारेच. स्तुतीचा भुकेला असता तर त्याने रसिकांची दुसरी सभा शोधली असती. भास्करभट्टांनी अभिप्राय मान्य केला आणि 'उद्धवगीता' रचली. ज्याला नावापेक्षा कर्माची चाड असते, त्यालाच दोष ऐकता येतो. कीर्तीच्या मागे लागलेल्याचे पहिले नुकसान हे की, त्याच्याजवळ खरे बोलणारा कोणी उरत नाही.

म्हाइंभटांचे चरित्र याहूनही बोधप्रद आहे. सराळ्याचे हे विद्वान वादात इतरांना जिंकण्याच्या अभिमानाने भरलेले होते. स्वामींच्या सन्निधानी तो अभिमान गळाला. पुढे याच म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून त्या मिळविल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. बोलण्यात जिंकणारा पंडित ऐकणारा झाला. लीळांच्या पाठभेदांना सांगणाऱ्याचे नाव जोडण्याची रीतही आपल्या परंपरेत राहिली. हिराइसांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे आपण म्हणतो, ते त्यांच्या गौरवासाठी नव्हे. लीळेची सत्यता पारखता यावी, हा त्यातील हेतू. हेच साक्षीचे नाव.

पुढे सकळादी लिप्यांत बद्ध झालेले हे ग्रंथ शतकानुशतके मठामठांतून नकलून ठेवले गेले. जगाला या वाङ्मयाची वार्ताही नव्हती. नकलणाऱ्या भिक्षूंना सभेचा मान मिळाला नाही, राजाची देणगी मिळाली नाही. तरीही १९३६-३७ च्या सुमारास याच नागपुरातून ह. ना. नेने यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा अभ्यासकांना आद्य मराठी गद्याचा ठेवा मिळाला, तो त्या अप्रसिद्ध हातांमुळेच. कीर्ती मिळणार नाही म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेवली असती, तर आज आपल्यापाशी काय उरले असते, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आता दार्ष्टांतिक. कीर्तीचे मोल निराळ्या नाण्यात चुकवावे लागत नाही. ज्या कर्मासाठी कीर्ती हवी, त्या कर्मातूनच ते वळते होते. प्रवचनकाराचे लक्ष श्रोत्यांच्या संख्येकडे गेले की वचनाचा अर्थ पातळ होतो. वासनिकाचे लक्ष देणगीदारांच्या फलकाकडे गेले की दानातील भाव उणा होतो. हाती भ्रमणध्वनी घेऊन स्वतःचे चित्र सहस्रावधी लोकांना दाखवू पाहणारा तरुण आपल्या विद्येचा काळ त्यात घालवितो, आणि शेजारी बसलेल्या मातापित्यांशी बोलण्यास त्याला सवड राहत नाही. भिक्षूची हानी तर सर्वांत मोठी. जो वेळ नामस्मरणाचा, तो स्वतःच्या नावाच्या स्मरणात जातो.

तर मग ग्रंथ लिहू नयेत, प्रवचन करू नये, असा याचा अर्थ आहे काय? नाही. आपल्या पूर्वसूरींनी लिहिले, सांगितले, शिकविले. त्याग कर्माचा नसून कामनेचा आहे. यासाठी साधकाने नित्यदिनीच्या शेवटी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. आज केलेले कर्म कोणालाही कळणार नसते, तर ते मी केले असते काय? दुसऱ्याने तेच माझ्याहून चांगले केले, तर मला संतोष होईल काय? आणि कोणी दोष दाखविला, तर मी तो दोष पाहीन की दाखविणाऱ्याला? या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या कोणाला सांगावयाची नाहीत. ती सांगण्याची इच्छा झाली, तर कामना अद्याप गेलेली नाही असे समजावे, आणि पुनः स्मरणास बसावे.