मोशी-चाकण पट्ट्यात घर बांधताय? कार्बन आणि आवाजाचा हिशेब आधी करा

पुणे-नाशिक रस्त्याला किंवा एमआयडीसीला लागून घर बांधत असाल, तर भिंत कशाची हे नकाशा मंजुरीला जाण्याआधी ठरवा. ठेकेदार सरसकट एएसी (सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक सुचवतील. ब्लॉक हलका, भट्टीच्या विटेपेक्षा कमी कार्बनचा, शिवाय काम भरभर होतं. पण हलकी भिंत आवाज कमी अडवते. रात्रभर कंटेनर धावतात तिथे हा फरक कानाला कळतो.

माझा सल्ला: फक्त रस्त्याकडची भिंत 9 इंची फ्लाय ॲश विटेची करा, बाकीच्या एएसीच्या. ही वीट भाजलेली नसते, म्हणून कोळसा जळत नाही, आणि वजनदार असल्याने आवाजही अडतो. मात्र हे वजन आरसीसी डिझाइनमध्ये धरलेलं हवं. स्लॅब पडल्यावर बदल सांगाल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर नाही म्हणेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

सिमेंट पीपीसी (फ्लाय ॲश मिसळलेलं) घ्या. हजार चौरस फुटांना साधारण 400 पोती, म्हणजे 20 टन लागतं. ओपीसीऐवजी (साध्या पोर्टलँड सिमेंटऐवजी) पीपीसी वापरलं, तर सुमारे पाच टन कार्बन डायऑक्साइड वाचतो आणि पोत्यामागे जास्त पैसे द्यावे लागत नाहीत. ठेकेदार नाराज होईल, कारण पाणी 7 नाही, किमान 10 दिवस मारावं लागतं. करारात दिवस लिहून घ्या. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला आहे. जुन्या दराचं कोटेशन स्वीकारू नका.

खरा पैसा खिडकीवर घाला. भिंत कितीही जाड असो, आवाज फटीतून येतो. सरकत्या खिडकीपेक्षा बिजागरीची, रबरी गॅस्केट असलेली खिडकी आणि लॅमिनेटेड काच घ्या. साध्या सरकत्या खिडकीच्या जवळपास दुप्पट खर्च धरा, पण तो रस्त्याकडच्या बेडरूमपुरताच. ‘प्रति चौरस फूट’ दरात काय नाही ते विचारा: जाळी, हँडल, सिलिकॉन, वाहतूक, वरच्या मजल्यावर चढवणी आणि 18 टक्के जीएसटी. यातलं बरंच शेवटच्या बिलात उगवतं. खिडकी बंद राहणार, म्हणून मागच्या बाजूने हवा येण्याची सोयही नकाशातच हवी.

‘साउंडप्रूफ’ म्हणून खोबणीचा फोम चिकटवून देणारे भेटतील. त्याने खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो, ट्रकचा आवाज थांबत नाही. पैसे वाचवा.

परवानगी कुठे? महापालिका हद्दीत पीसीएमसी, चाकण शहरात नगर परिषद, आसपासच्या गावांत पीएमआरडीए (कार्यालय आकुर्डीत), एमआयडीसीच्या प्लॉटवर खुद्द एमआयडीसी. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, झोन दाखला तयार ठेवा. झोन दाखला आवाजासाठीही महत्त्वाचा: निवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री दहा ते सहा 45 डेसिबल, औद्योगिक भागात 75 आणि 70. औद्योगिक झोनमधल्या घराची तक्रार फारशी टिकत नाही. शेजारच्या कारखान्याविरुद्ध तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची. मोबाइल ॲपचा आकडा अंदाजापुरता; पुरावा हवा तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं मापन घ्या.

फ्लॅट घेत असाल, तर ‘ग्रीन’ जाहिरातीवर जादा दर देऊ नका. हरित मानांकनावर बिल्डरला राज्याच्या नियमावलीनुसार 3 ते 7 टक्के वाढीव एफएसआय मिळू शकतो, म्हणजे त्याचा फायदा आधीच झालेला असतो. हे मानांकन देणाऱ्या गृहा किंवा आयजीबीसीचं अंतिम प्रमाणपत्र मागा. ब्रोशरवर बहुधा पूर्व-प्रमाणपत्राचा शिक्का असतो. मिळकतकरातली सवलत कोणत्या तारांकनाला किती, हे महापालिकेच्या करसंकलन कार्यालयात स्वतः विचारा, सेल्स ऑफिसात नाही.

खिडकीवाल्याचे दहा टक्के हातात राखा. एका रात्री अकरानंतर, रस्ता वाहता असताना, खिडकी बंद करून कडेने हात फिरवा. वारा लागला तर सील दुरुस्त करून घ्या, मगच उरलेले पैसे द्या.