नारपोलीचे माग आणि राष्ट्रांची मिळकत : मंडळ्यांसाठी अभ्यासपाठ

वाचण्याचा भाग : २ करिंथ ८:१–१५, याकोब ५:१–६.

खेड्यांतील आपले काही तरुण कामासाठी भिवंडीकडे जातात. कोणी माग चालवितो, कोणी गोदामात माल उचलतो. मागे राहिलेले आईबाप उपदेशकास विचारतात की, देशाची भरभराट होत आहे असे जिकडेतिकडे ऐकू येते, तर आमचा मुलगा बारा बारा तास राबूनही रिकाम्या हाताने का परततो? ह्या प्रश्नास 'देवाची मर्जी' असे उत्तर देऊन उठून जाणे सोपे आहे. आम्हांस ते शास्त्राला धरून वाटत नाही. वर दिलेले दोन्ही भाग पाहिले असता, पैसा कोणापाशी साचला व कोणाचा अडकला ह्याची विचारपूस प्रेषितांनी मुळीच टाळलेली नाही, हे ध्यानात येईल. म्हणून आपणही ती करू, आणि आरंभ नारपोलीपासून करू.

नारपोली हे एके काळी भिवंडीशेजारचे खेडे होते. आज ते शहराच्या वस्तीत मिसळून गेले आहे. भिवंडीचा विणकामाचा धंदा जुना आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर येथे येऊन वसले, असे त्यांच्यांत परंपरेने सांगतात. प्रथम हातमाग होते, पुढे वीज आली आणि १९३० नंतरच्या काळात यंत्रमाग वाढत गेले. मग १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या पुढारीपणाखाली मुंबईच्या सुमारे २.५ लाख गिरणीकामगारांनी संप केला. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्यांतून विणकाम बाहेर देण्याची चाल आधीपासून होती. संपानंतर ते काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे अधिकच लोटले. बाजारात कापडाचा तोटा पडला नाही. विणणारा मनुष्य तेवढा बदलला. गिरणीतल्या कामगाराचे नाव हजेरीपटावर असे, त्यास भविष्यनिर्वाह निधी व भरपगारी रजा असे. यंत्रमागावरच्या पुष्कळांस ह्यांतले काहीच नाही.

त्याची मजुरी कशी ठरते ते नीट समजून घ्यावे, कारण पुष्कळ गोष्टींचे मूळ तेथे आहे. व्यापारी सूत देतो व विणलेले कोरे कापड परत घेतो. लहान मागवाल्यास तो विणाईचा दर देतो, आणि त्या दरातून मागवाला कामगारास मीटरमागे पैसे देतो. वीज गेली, सूत आले नाही, माग बिघडला, अंगात ताप भरला, तर मीटर भरत नाहीत व मजुरीही पडत नाही. धंद्याची जोखीम अशी वरून खाली सरकत सरकत ज्याच्यापाशी काहीच साठा नाही त्याच्या डोक्यावर येऊन बसते. मागवाला नेहमी धनवानच असतो असे कोणी समजू नये; त्यालाही व्यापाऱ्याचे दार धरावे लागते, आणि अलीकडच्या वर्षांत कित्येकांनी आपले माग भंगारात विकले आहेत. कायद्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे विजेवर चालणाऱ्या कारखान्यात १० कामगार असले म्हणजे तो कायदा लागू होई; पुढे महाराष्ट्रात ही संख्या २० करण्यात आली. एकाच छपराखालचे माग घरातील निरनिराळ्या माणसांच्या नावे वाटून दाखविले की कोणत्याही नावाखाली तेवढी माणसे भरत नाहीत. युक्ती साधी, पण तिने किती कुटुंबांचे म्हातारपण उघड्यावर पडले!

आता देशांच्या मिळकतीकडे वळू. येथे थोडे आकडे येतील. वाचकांनी पान उलटू नये. देशाची एकूण मिळकत त्याच्या माणसांच्या संख्येने भागली म्हणजे दरडोई मिळकत निघते. दादाभाई नौरोजी ह्यांनी १८६७ ते १८७० ह्या काळासाठी हिंदुस्थानची अशी मिळकत वर्षाला २० रुपये काढली, आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिली. स्वतंत्र फिरणाऱ्या रयतेच्या वाट्यास कैद्याइतकेही येत नाही, हे त्यांनी सरकारच्याच कागदांवरून दाखविले. हिशेबाचा असा उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

परंतु सरासरी मनुष्यास फसवितेही. दहा घरांची एक वस्ती घ्या. प्रत्येक घरी १०० रुपये येतात. एका घराची मिळकत १,००० झाली व बाकीची नऊ होती तेथेच राहिली, तरी सरासरी १०० वरून १९० वर जाते. वस्ती जवळजवळ दुप्पट संपन्न झाली असे कागद म्हणेल, आणि नऊ चुली तशाच राहतील. आपल्या देशाचे चित्र ह्याहून फार निराळे नाही. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालाप्रमाणे भारताच्या मिळकतीपैकी ५७ टक्के वरच्या १० टक्के लोकांकडे जाते व खालच्या निम्म्या लोकांस १३ टक्के मिळते. सर्व जग एक देश मानले तर वरच्या १० टक्क्यांकडे ५२ टक्के आणि खालच्या निम्म्यांकडे अवघे ८.५ टक्के.

मग वाढ व्यर्थ आहे काय? तसेही नाही. जागतिक बँकेने २०२२ पासून रोज २.१५ डॉलर ही अति दारिद्र्याची रेषा धरली होती. जून २०२५ मध्ये ती ३ डॉलर केली. जुन्या रेषेप्रमाणे १९९० मध्ये जगात दर १०० माणसांत सुमारे ३८ माणसे तिच्या खाली होती, २०१९ मध्ये सुमारे ९ उरली. चीन, व्हिएतनाम, भारत ह्या देशांत मिळकत वाढली नसती तर हे झाले नसते. एवढे लेकरांचे मरण व उपासमार टळली, ह्याबद्दल आपण देवाचे उपकार मानलेच पाहिजेत. वाढीशिवाय वाटण्यास काही नसते. आणि वाढ आपोआप वाटलीही जात नाही.

एका देशातील विणकरास दुसऱ्या देशातील विणकराहून कितीतरी पट मजुरी का मिळते, असे शाळेतील एखादा हुशार मुलगा विचारील. त्याचा घाम अधिक पवित्र असतो म्हणून नव्हे. धोट्याचा साधा यंत्रमाग मिनिटास शंभर-सवाशे वेळा बाणा टाकतो. हवेच्या झोताने चालणारा नवा माग ६०० हून अधिक वेळा टाकतो, व एक मनुष्य तसे बरेच माग सांभाळतो. त्यामागे न खंडणारी वीज, शिक्षण, भांडवल व करार पाळावयास लावणारी न्यायालये असतात. नारपोलीतला तरुण आळशी आहे असे म्हणणाऱ्याने एकदा रातपाळीस त्याच्या शेजारी उभे राहून पाहावे.

साठा नसलेल्या मजुराची दशा काय होते ते २०२० साली सर्वांनी पाहिले. मार्चअखेर टाळेबंदी झाली, माग थांबले, मीटर थांबले. भिशी, म्हणजे जेथे एकटे राहणारे मजूर महिन्याच्या हिशेबाने जेवतात ती खानावळ, तीही किती दिवस उधार चालणार? हजारो लोक नाशिकच्या रस्त्याने पायी निघाले. मे महिन्याच्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरकडे मजुरांची खास गाडी सुटली. त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडातील जिलानी नावाची तीन मजली इमारत झोपेतल्या कुटुंबांवर कोसळली व ३८ किंवा त्याहून अधिक जीव गेले. ती १९८४ च्या सुमाराची होती. थोडक्या मजुरीत मिळणारे घर असेच असते.

आता शास्त्रभागाकडे या. करिंथच्या मंडळीस पौल जे लिहितो ते राष्ट्राराष्ट्रांतील विषमतेविषयीच आहे. यहूदीयात टंचाई, मासेदोनियाचे लोक स्वतः गरीब असूनही वर्गणी पाठवितात, करिंथकर सुखवस्तू, पण त्यांची वर्गणी रेंगाळलेली. पौल त्यांना मान्न्याची आठवण देतो, व एकाची विपुलता दुसऱ्याची उणीव भरून काढो, म्हणजे समानता होईल, असा त्याचा आशय आहे. येथे थांबणे पुष्कळ उपदेशकांस आवडते, कारण वर्गणी काढणे सोपे असते. याकोब मात्र निराळ्या ठिकाणी बोट ठेवतो. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे तो म्हणतो. ती दानाने फिटत नाही, कारण ती मजुराचीच आहे. मोशेच्या नियमशास्त्रात तर ती सूर्य मावळण्यापूर्वी द्यावयाची आहे.

अशी हक्काची मागणी करणे ख्रिस्ती नम्रतेला शोभते काय, अशी शंका काहींस येते. त्यांनी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे चरित्र पाहावे. ते सत्यशोधक समाजाचे होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभारली, अर्ज केले, सभा भरविल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी आपण जो निवांतपणे भक्तीस जातो, त्या सोयीत त्यांच्या श्रमांचा वाटा आहे. आपल्यातील किती जणांस हे ठाऊक आहे?

ह्या आठवड्यात उपदेशकांनी एक काम करावे. भिवंडीकडे निघालेल्या प्रत्येक तरुणास एक लहान वही द्यावी व ती लिहिण्याची रीत समजावून सांगावी. तारीख, कोणत्या पाळीस काम केले, किती मीटर विणले, ठरलेला दर, हाती आलेले पैसे, घेतलेली उचल, कापलेला हप्ता, आणि माग बंद राहिल्याचे कारण. इतकी घरे पुरेत. ज्यास लिहिता येत नाही त्याने खोलीतल्या साक्षर सोबत्याकडून रोजच्या रोज लिहवून घ्यावे, आठवड्याचे एकदम लिहू नये. सणासाठी मुलगा गावी आला म्हणजे उपदेशकाने त्याच्यासह बसून वहीची बेरीज करावी, आणि मजुरी अडकली आहे असे दिसल्यास ती वही घेऊन त्याच्याबरोबर सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत जावे.