दया नदी आणि चिलिका सरोवर : एक अभ्यास

ओडिशातील धौलीच्या टेकडीजवळून वाहणारी दया नदी आपल्या उपासक-उपासिकांना कलिंग युद्धामुळे परिचित आहे. धौलीच्या खडकावर सम्राट अशोकाने प्राणिहत्येस मनाई करणारा आणि मनुष्यांबरोबर पशूंच्याही औषधोपचाराची व्यवस्था सांगणारा लेख कोरविला. (युद्धाच्या पश्चात्तापाचा तेरावा शिलालेख मात्र तेथे नाही. जिंकलेल्या लोकांसमोर तो ठेवणे अशोकास प्रशस्त वाटले नसावे.) हीच दया पुढे चिलिका सरोवरास मिळते. या सरोवराचे पुनरुज्जीवन कसे झाले, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

चिलिका पावसाळ्यात सुमारे ११६५ चौरस किलोमीटर पसरते आणि उन्हाळ्यात ९०६ पर्यंत आकसते. हे पसरणे-आकसणे हेच त्याचे जीवन होय. पुराच्या दिवसांत महानदीच्या दया, भार्गवी आदी शाखा गोडे पाणी आणि गाळ आणतात, तर दुसऱ्या बाजूने मुखावाटे समुद्राची भरती येते. मासळी व कोळंबी याच वाटेने ये-जा करतात. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या चिखलावर हिवाळी पाहुणे पक्षी लाखोंनी उतरतात. पूर म्हणजे केवळ संकट, हे येथे खरे नाही. पुराचे पाणी ही संपत्ती आहे, ती समुद्रात दवडू नये, ही भूमिका परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री या नात्याने ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथील परिषदेत मांडली होती. पाणथळीलाही पुराचा तिचा वाटा मिळाला पाहिजे, ही जाण मात्र बरीच उशिरा आली.

गाळाने सरोवराचे मुख बुजत गेले. भरती आत येईना, खारेपणा घटला, गोड्या पाण्यातील तण माजले आणि मासळी आटली. १९८१ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरलेली चिलिका १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळींच्या नोंदीत गेली. अखेर २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडा येथे नवे मुख उघडण्यात आले. समुद्राची वाट त्यामुळे १८ किलोमीटरने कमी झाली. तण हटले, पाण्याखालील गवत वाढले आणि मासळीचे वार्षिक उत्पन्न दोन वर्षांतच कित्येक पटींनी वाढले. २००२ साली चिलिका त्या नोंदीतून बाहेर पडली. आशियात असे प्रथमच घडले.

तथापि सरोवर सुधारले म्हणजे सर्वांचे भले झाले, असे आम्ही म्हणणार नाही. येथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या केउटा, कंडरा आदी जाती अनुसूचित जातींत मोडतात. कोळंबीला परदेशात भाव आला तेव्हा पैसेवाल्यांनी पाण्यातच बांध व जाळी घालून 'घेरी' उभ्या केल्या. त्यांनी माशांची वाट अडली आणि गरिबांच्या होड्याही अडल्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये चिलिकापासून हजार मीटरच्या आत अशा कोळंबी शेतीस बंदी केली, तरी घेरी हटल्या नाहीत. त्यांच्याविरुद्धच्या आंदोलनात २९ मे १९९९ रोजी सोरण गावी पोलिसांच्या गोळीबारात चार जण मृत्युमुखी पडले. पाणी कोणाचे, हा चवदार तळ्याचाच प्रश्न येथे निराळ्या रूपात उभा राहिला, असे आमचे मत आहे. घेरी त्यानंतरही पुन्हा पुन्हा उभ्या राहिल्या आणि पाडल्या गेल्या.

उत्तर काठावरील मंगळाजोडी गावाची हकीकत मात्र अंगुलिमालाची आठवण करून देते. तेथील अनेक घरांचा चरितार्थ पक्ष्यांच्या शिकारीवर चाले. विष घालूनही पक्षी मारले जात. २००० सालाच्या सुमारास याच शिकाऱ्यांपैकी काहींनी शिकार सोडून पक्षी संरक्षण समिती स्थापन केली. कोणता पक्षी कोणत्या बेटावर कधी उतरतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? आता ते त्याच गवताळ पाण्यातून लांब बांबूने होडी रेटतात, पाहुण्यांना पक्षी दाखवितात आणि रात्री पहारा देतात.