तिला ड्रामाथेरपिस्ट व्हायचंय

बारावीचा निकाल लागला की समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांमध्ये हल्ली एखादं जोडपं हा विषय घेऊन येतंच. आई विचारते, "म्हणजे ही नाटकात काम करणार का हो?" बाबांना वेगळीच चिंता असते, "याची डिग्री कुठे मिळते आणि पगार कोण देतं?" तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून आज मुलीशी नाही, तुमच्याशीच बोलते.

ड्रामाथेरपीला, म्हणजे नाटकातून केलेल्या मानसोपचाराला, रंगमंच लागत नाही, टाळ्याही नाहीत. घरात घडलेलं सरळ सांगायला न धजावणारा मुलगा मुखवटा चढवला की राक्षसाच्या तोंडून बोलू लागतो. रिकाम्या खुर्चीत आपल्या भीतीला बसवतो आणि तिला जाब विचारतो. गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी आहे, एवढ्या आधारावर ती त्याला सोसवते. मग त्याच मुलाला त्या भूमिकेतून अलगद बाहेरही आणावं लागतं. हे न करता त्याला घरी पाठवलं, तर उघडलेली जखम तशीच घेऊन तो घरी जातो. तुमच्या मुलीला वर्षानुवर्षं शिकायचं आहे ते मुख्यतः हे. अभिनय त्यात येतो, पण तो थोडा.

आणि हे तिच्या डोक्यातलं खूळ नाही. व्हिएन्नामध्ये जेकब मोरेनो यांनी उत्स्फूर्त नाटकातून सायकोड्रामा या उपचारपद्धतीची वाट पाडली, त्याला शंभर वर्षं झाली. आपल्या मुंबईत कांचन सोनटक्के यांच्या 'नाट्यशाला'ने विशेष मुलांबरोबर नाटकाचं काम उभं केलं. ठाण्यात १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि नाटककारही.

आता बाबांचा प्रश्न. ब्रिटनमध्ये 'ड्रामाथेरपिस्ट' या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी नसेल तर कुणी ते नाव लावू शकत नाही. आपल्याकडे तशी नोंदणी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आरोग्याशी निगडित व्यवसायांसाठी २०२१ मध्ये आलेल्या कायद्याच्या यादीत कला आणि नृत्य थेरपिस्टचा उल्लेख आहे, नाटकाचा वेगळा नाही. म्हणूनच दोन शनिवार-रविवारांची कार्यशाळा करून प्रमाणपत्र भिंतीवर लावायचा मोह होतो. तुम्ही पालक म्हणून अडून बसायचंच असेल, तर इथे बसा. आधी मानसशास्त्राची पदवी, मग एम.ए., आणि नाटक पहिल्या दिवसापासून सोबत. कलिनाच्या आवारात मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आहे आणि थिएटर आर्ट्सची अकादमीही. बोरिवलीहून सांताक्रूझला किंवा घाटकोपरहून कुर्ल्याला उतरून तिथे जाता येतं. कुठल्याही अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी एवढंच विचारा: प्रत्यक्ष माणसांबरोबर किती काम करायला मिळेल आणि त्या कामावर देखरेख कोण करणार? याचं नीट उत्तर मिळालं नाही, तर तिथून निघून या.

पुढची गोष्ट मात्र फारसं कुणी पालकांना सांगत नाही. या शिक्षणात विद्यार्थ्याला स्वतः थेरपी घ्यावी लागते. ब्रिटनच्या प्रशिक्षणात ती सक्तीची असते आणि इथेही चांगले शिक्षक तिचा आग्रह धरतात. समोरच्याचं दुःख कधी ना कधी आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतं. ती जागा आधी माहीत नसेल तर समोरच्याचं ऐकणं राहतं बाजूला आणि आपलंच सुरू होतं. मग तुमची मुलगी एखाद्या रात्री जेवताना विचारेल, आजीच्या आजारपणात मला का काही सांगितलं नाही? दादाशी सतत तुलना का केलीत? त्या क्षणी "एवढं शिकवलं ते हे ऐकायला?" असं तोंडावर येईल. येऊ द्या, पण बोलू नका. तिचं पूर्ण ऐका. तुम्हाला जे आठवतं ते सांगा, वेगळं आठवत असेल तर तेही सांगा. तिला तुम्हाला दोषी ठरवायचं नसतं. उद्या एखाद्या अनोळखी मुलाची अशीच तक्रार न डगमगता ऐकता यावी, याची तयारी ती घरात करत असते. ही तयारी तुमच्याशिवाय होत नाही.

पैशाचं स्पष्टच सांगते. सुरुवातीला निव्वळ ड्रामाथेरपीवर घर चालेल असं धरू नका. शाळेत समुपदेशक, विशेष मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र अशी नोकरी करावी आणि तिथेच नाट्यसत्रं सुरू करावीत. ब्रिटनला जायचं असेल तर एचसीपीसीने मान्य केलेला अभ्यासक्रमच निवडा. आणि कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी तिला इथे दोन-एक वर्षं माणसांबरोबर काम करू द्या. त्यानंतरही तिला हेच हवं असेल, तर खुशाल सही करा.