घशातला जंतू शीच्या जागी कसा पोचतो?

प्रश्न : आम्ही खालापूर तालुक्यात राहतो. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याच्या शीच्या जागेभोवती बरेच दिवस लालभडक कडं उठलंय. खाज येते, शी करताना रडतो, म्हणून धरूनच ठेवतो. आधी जंतांचं औषध दिलं, मग मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली. लाली दोन दिवस दबली आणि पुन्हा वाढली. आता डॉक्टर म्हणतात, घसा सुजवणाराच जंतू तिथे आहे, औषध पोटातून द्यावं लागेल. मध्यंतरी त्याच्या बहिणीचा घसा सुजला होता हे खरं. पण घशातला जंतू तिथवर जाईल कसा? आणि नुसत्या मलमाने का भागत नाही?
– एक आई

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं अगदी शक्य आहे. लहान मुलांच्या गुदद्वाराभोवती असं कडं उठतं तेव्हा त्यामागे बऱ्याचदा ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू असतो. मुलांचे टॉन्सिल सुजवतो तोच हा. वैद्यकीय नियतकालिकात या आजाराचं वर्णन 1966 मध्येच आलं, तरी आजही तो पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

तो तिथे पोचतो मुख्यतः बोटांवरून. मूल तोंडात, नाकात बोट घालतं आणि त्याच बोटाने मागे खाजवतं. गिळलेल्या लाळेबरोबर आतड्यातून तो खाली येत असावा, असंही मानलं जातं. या आजाराच्या बऱ्याच मुलांच्या घशात तोच जिवाणू सापडतो. घसा दुखत नसला तरीही. भावंडं एकाच पाण्यात अंघोळ करतात, एकच पंचा वापरतात, तेव्हा एकाचा संसर्ग दुसऱ्याला होऊ शकतो.

साधारण सहा महिने ते दहा वर्षं या वयात, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत, हा आजार जास्त दिसतो. लालीची कड ठळक असते. बहुधा ताप नसतो. त्वचेला चिरा पडतात, शीला रक्ताची रेघ लागते. दुखतं म्हणून मूल शी धरतं, ती कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. त्यामुळे पुष्कळदा नुसत्या बद्धकोष्ठावरच औषध चालू राहतं. जंतांची खाज मुख्यतः रात्री असते आणि असं भरीव लाल कडं सहसा उठत नाही. शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी जंतांवर चालते, जिवाणूंवर नाही. पावसाळ्यात ओलसर त्वचेवर बुरशीही वाढते. तिच्यात मुख्य चट्ट्याच्या आसपास बारीक लाल पुटकुळ्या दिसतात.

मेडिकलमधून मिळणाऱ्या अशा ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते त्वचेचा दाह दाबतं, म्हणून दोन दिवस लाली उतरते. जिवाणू मात्र तिथेच राहतो आणि पुन्हा जोर धरतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. मुलाच्या नाजूक जागेवर अशी ट्यूब स्वतःहून लावू नका. आधी लावली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

खात्री करण्यासाठी त्या जागेवरून कापसाच्या काडीने नमुना घेतात. तपासणीच्या कागदावर ‘स्ट्रेप्टोकोकस शोधा’ असं लिहिलेलं असावं, कारण शीच्या नेहमीच्या तपासणीत तो शोधलाच जात नाही. औषध पोटातून देतात, कारण मलम फक्त लावल्या जागी काम करतं. घशात दडलेल्या जिवाणूपर्यंत ते पोचत नाही आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन किंवा सेफ्युरॉक्झिमसारखं औषध मुलाच्या वजनानुसार सात ते चौदा दिवस देतात. जोडीला कधी म्युपिरोसिनचं मलम असतं. नमुन्यात स्टॅफिलोकोकस निघाला तर औषध बदलावं लागतं. मुलाला कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. काही दिवसांतच आराम पडेल, तरी ठरलेले दिवस पुरे करा. बऱ्याच मुलांत हा आजार उलटतो; तसं झालं तर बहिणीचा आणि घरातल्या इतरांचाही घसा तपासून घ्या.

घरी करायचं ते सोपं आहे. शीनंतर कोमट पाण्याने धुवा, न चोळता टिपून कोरडं करा. जंतुनाशक द्रव किंवा उग्र साबण नको. पाणी, फळं, भाज्या देऊन शी मऊ ठेवा; गरज पडली तर डॉक्टर त्यासाठी औषध देतील. मुलाचा पंचा वेगळा ठेवा, नखं कापा. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कपडे दोन दोन दिवस दमट राहतात. चड्डीवर इस्त्री फिरवून ती पूर्ण कोरडी झाल्यावरच घाला.

ताप आला, लाली झपाट्याने पसरली, कडक दुखरी गाठ किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढच्या काही आठवड्यांत चेहरा सुजला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तरीही लगेच जा. या जिवाणूमुळे क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. चौकचं ग्रामीण रुग्णालय किंवा कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय तुम्हाला जवळ आहे.

घरातल्या मोठ्या माणसांनाही एक सांगा. त्यांच्या गुदद्वाराजवळ गळू झालं तर गोळ्यांवर दिवस काढू नयेत. ते डॉक्टरांकडून फोडून पू काढावा लागतो, आणि पुढे काहींना भगंदर होतं. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये, कारण तिथला संसर्ग वेगाने पसरून जिवावर बेतू शकतो. लाजेपायी या जागेचं दुखणं लपवलं जातं आणि लपवल्यानेच ते वाढतं. तुम्ही मुलाचं दुखणं वेळेत बोलून दाखवलंत, तेव्हा आता औषध सुरू करायला उशीर करू नका.