आपल्या चलनातलं महाग तिकीट

मित्रांनो, मी पडलो कॉन्व्हेंटचा, तेव्हा मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. हिशेब मात्र दोनदा तपासलाय!

माझा दादा जर्मनीत एम.एस. करतोय. बाबांनी त्यासाठी एज्युकेशन लोन काढलंय, त्यामुळे आमच्या घरी एकेक युरो मोजला जातो. दिवाळीत मुंबईहून शेगावच्या गाड्यांना भलं मोठं वेटिंग होतं, म्हणून त्याने तिकडूनच मुंबई-नागपूर स्वस्त विमानाचं तिकीट काढलं. भाडं रुपयांत, कार्ड जर्मन. शेवटी प्रश्न आला, पैसे रुपयांत भरणार की युरोत? युरोवर आधीच टिक होती. दादाला वाटलं, कार्डाचंच चलन बरं! स्टेटमेंट आलं तेव्हा आम्ही फोनवर हिशेबाला बसलो.

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. रुपयांत भरलं, तर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो. तो बाजारभावाच्या जवळ असतो. युरोत भरलं, तर दर पैसे घेणाऱ्याकडून ठरतो आणि त्याचा नफा बरेचदा दरातच लपवलेला असतो.

सोपे आकडे घेऊ. तिकीट ९,००० रुपये. नेटवर्कचा दर १ युरोला ९० रुपये धरला, तर १०० युरो. पानावरचा दर ८६ असेल, तर १०४.६५ युरो. म्हणजे सुमारे ४१८ रुपये उगाच गेले! रुपयांत भरल्यावर बँकेने १.७५ टक्के चार्ज लावला, तरी होतात १०१.७५ युरोच. शिवाय युरो निवडूनही, व्यवहार परदेशातला म्हणून काही बँका आपला चार्ज लावतातच.

आता आपलं बघा. आपण भारतीय कार्डाने परदेशी परीक्षेची फी किंवा तिकीट भरतो, तेव्हा हाच सापळा उलटा बसतो. तिथे ‘रुपयांत भरा’ हे आमिष असतं. डॉलरमध्ये भरलं तरी बऱ्याच बँका साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणून आधी बँकेचा दर विचारा.

लक्षात ठेवायचं एकच: विकणाऱ्याचं जे चलन, त्यातच पैसे भरा. टिक आधीच असेल तर काढा. आणि ‘पे’ दाबण्याआधी कॅल्क्युलेटर काढा, तो काय फक्त एम-थ्रीच्या पेपरलाच असतो का?